सगळ्यांचं चॅनेल

"मॅडम, भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी नाहीये हे चॅनेल!"

कोरिनच्या कानावर त्याचा आवाज पहिल्यांदा पडला तो असा. वैतागलेला, धुरानं खरखरीत.

अमेरिकेत, मोंटानातल्या डोंगरांत पोलिसांच्या गाड्या कुठे पाठवायच्या, ते ती रेडिओवरून सांगायची. पोलिसांचा रेडिओ-टॉवर वसंतातच वीज पडून जळाला. तेव्हापासून कुत्र्याच्या तक्रारीसारखी सगळी किरकोळ कामंही सामायिक चॅनेलवरूनच चालली होती. खरं तर ते संकटासाठीचं. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळ्यांचं मिळून एक. एक बोलला की बाकीचे मुके.

"मग तुम्हीच सांगा कुत्र्याला गप्प बसायला," ती म्हणाली.

उत्तरादाखल बटण दोनदा दाबल्याचा आवाज. टक-टक. रेडिओवाल्यांची खूण ती — ऐकलं. पण त्यात हसू होतं, कोरिननं शपथेवर सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या कचेरीच्या खिडकीशी हजर. वेड नाव त्याचं, वणवा विझवणाऱ्या तुकडीतला. हातात हकलबेरीच्या जॅमची बाटली.

"काय म्हणाला कुत्रा?" तिनं विचारलं.

"म्हणाला, मॅडमचा आवाज गोड आहे, पण बोलतात फार."

"मग ऐकू नका."

"तेच तर जमत नाही ना..."

मग रोज कामाची पाळी संपताना तिच्या कानात — टक-टक.

"कोरिन, थट्टा पुरे," एकदा तो म्हणाला. "टॉवरसाठी साहेबांना लिही. एखाद्या दिवशी मला बोलायचं असेल आणि तू बोलत असशील."

तिनं अर्ज लिहिला. आणि खणात ठेवून दिला. टॉवर उभा राहिला, की पोलिसांचं चॅनेल वेगळं. मग त्याचा आवाज कुठून यायचा?

ऑगस्टमध्ये डोंगरात वणवा लागला, वेडची तुकडी तिथं होती, आणि भर दुपारी वारा फिरला. कोरिन तेव्हा हॉलिस नावाच्या पोलिसाला रस्त्यावरच्या गाई हाकलायला पाठवत होती.

"किती आहेत गं? माझ्या सासूसकट मोजू का?" हॉलिसचं पाल्हाळ. तीही हसली, उत्तर देत राहिली...

चॅनेल मोकळं झालं तेव्हा वेड ओरडत होता, "एमरी, वर जाऊ नकोस! वरची वाट पेटलीय! एमरी!"

पण त्याचा जोडीदार एमरी तोवर वर गेला होता. वेड त्याच्यामागे धावला. परत आला तो एकटाच.

तिसऱ्या दिवशी ती इस्पितळात गेली. वेडच्या भाजलेल्या गळ्यात नळी होती, बोलायला बंदी. कोरिननं पांघरुणावर तो अर्ज उलगडून ठेवला.

"जूनचा आहे. दिलाच नाही मी. तुझा आवाज बंद झाला असता म्हणून... आणि वेड, गाईंचं मीच बोलत होते."

तो कितीतरी वेळ तारखेकडेच बघत राहिला. ती उठली. दारापर्यंत पोहोचली.

पलंगाच्या दांडीवर बोट वाजलं. टक-टक.

ऐकलं. एवढाच त्याचा अर्थ. माफ केलं, असा कधीच नव्हता.

ती परत येऊन बसली. त्यानं अर्ज तिच्याकडे सरकवला, साहेबांना देण्यासाठी. तिनं कागदावर हात ठेवला.

त्याचं पट्टीतलं बोट तिच्या बोटावर आलं... आणि तिथंच राहिलं.