मुका नर

रानातल्या टर्की पक्ष्यांच्या शिकारीच्या मोसमाचा तो शेवटचा दिवस होता. आदल्या संध्याकाळी मी ओसरीत वाल सोलत बसले होते, तेव्हा वर्लिन पूट टोपी हातात घेऊन पायरीशी येऊन उभा राहिला.

"ओलेटा, ओढ्यापलीकडच्या उतारावर एक नर आहे. म्हातारा, भला थोरला. पण तोंडच उघडत नाही बघ. त्याला ओरडायला लावायला मी घुबडासारखा घुमलो, कावळ्यासारखा कोकललो, घसा बसला माझा. तो हूं नाही की चूं नाही."

"तुझ्याशी बोलत नाही म्हणजे शहाणा असणार."

त्याला हसावं की नाही ते कळेना. "तू हाक दिलीस तर येईल. मादीचा आवाज तुझ्याइतका हुबेहूब या डोंगरांत कुणी काढत नाही. उद्या दुपारी मोसम संपतोय."

त्याच्या हिमतीची मला कमाल वाटली. मागच्या वसंतात, त्याच उतारावर, याच माणसानं माझ्या नवऱ्याला मारलं होतं. डेलमर लोकरीचा कोट घालून ओकच्या खोडाला पाठ लावून बसला होता आणि वर्लिननं त्याच्यावर छर्रे झाडले. पाल्यात टर्कीचं लाल डोकं दिसलं, असं तो शेरीफला म्हणाला. शेरीफनं मान डोलावली, चूक झाली असं लिहिलं आणि प्रकरण मिटलं. पुरताना वर्लिन सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडला. त्याच्या बायकोनं भांडंभर मॅकरोनी भाजून पाठवली. ती मी कुत्र्याला घातली.

मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. रानात दुसरा शिकारी आपल्याकडे येताना दिसला, तर हात हलवायचा नाही, उठायचं नाही. बसल्या जागी मोठ्यानं बोलायचं, म्हणजे तो टर्की समजून बंदूक झाडत नाही. इथल्या पोराबाळांना डेलमरनंच हे शिकवलं होतं. तो बोलला नसेल हे मला पटत नव्हतं. वर्लिन मात्र बायबलवर हात ठेवून म्हणाला होता, "तो काही बोलला नाही." डेलमर बोलला होता का, एवढंच मला वर्लिनच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यापुढे शेरीफ आणि बायबल गेलं खड्ड्यात.

"येईन," मी म्हणाले. "पण कुठं बसायचं ते मी ठरवणार."

डेलमर गेल्यापासून खणात पडलेली लाकडी डबी मी बाहेर काढली. तिचं झाकण कडेवर घासलं की मादीचा आवाज निघतो. झाकणाला खडू लावला. ही डबी मी शिकारीसाठी क्वचितच वापरली. डेलमर रानात असला की मी ओसरीवरून ती घासायचे. तीन लांब सूर आणि चौथा मध्येच तोडलेला. असं कुठली मादी ओरडत नाही, म्हणून त्याला कळायचं की जेवण तयार आहे. आमच्या टेबलावर कितीतरी वेळा जेवलेल्या वर्लिनलाही ती हाक ठाऊक होती.

पहाटे आम्ही ओढा ओलांडला. मे महिन्यात आमच्या ओझार्क डोंगरांतलं रान असं दाट होतं की हाताच्या अंतरावरचं माणूस दिसू नये. पाला ओला होता. खालून कुजक्या मातीचा वास येत होता आणि डास कानाशी गुणगुणत होते. मी त्याला सरळ त्या ओकपाशी नेलं.

वर्लिन थबकला. "इथं नको, ओलेटा."

"का? नर इथूनच जातो म्हणालास ना?"

"जातो… पण…"

"मग टेक बूड. का तुला भुताची भीती वाटते?"

तो बसला. खोडावर छर्र्यांच्या खुणा अजून होत्या. त्यांच्यावरच त्यानं पाठ टेकली. मी त्याच्या मागे, उताराच्या वरच्या अंगाला, पडलेल्या झाडाआड बसले. मुका झालेला नर असाच मारतात. बंदूकवाला पुढे, हाक देणारा मागे. नर हाकेकडे निघतो आणि वाटेत बंदुकीपुढून जातो. मला वर्लिनचा खांदा आणि टोपी तेवढी दिसत होती.

आधी मी रीतसर, हळू, दोनचार हाका दिल्या. मग गप्प बसले. मोसम संपताना फार बडबड केली की नर बिथरतो. उजाडलं, ऊन पानांवर आलं. गोचीड माझ्या मानेवर चढली तरी मी हात उचलला नाही. समोरून काहीच आलं नाही, आणि येऊ नये असंच मला वाटत होतं. वर्लिन तिथं पुरेसा शिजला पाहिजे होता.

मग मी जेवणाची हाक दिली. तीन लांब, चौथा तुटका.

त्याची टोपी गर्रकन वळली. "ओलेटा… ती नको…"

"गप्प. मान हलवू नकोस."

मी पुन्हा घासलं. मजा येत होती, खोटं कशाला बोलू. त्याचा खांदा थरथरताना दिसला आणि वर्षभरात पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा घासलं, तेव्हा रानातली पाखरं गप्प झाली. डासही.

आणि छातीत काहीतरी घुमायला लागलं.

मुका नर ओरडत नाही, पण पिसं फुलवून आतल्या आत घुमतो. तो घुमार कानाआधी फासळ्यांना कळतो. मी तो जन्मभर ऐकलाय. हा तसाच होता, पण थांबत नव्हता. दातांत उतरला, ज्या लाकडाआड मी बसले होते त्यात उतरला. वर्लिननं बंदूक खांद्याला लावली. खालून पाचोळ्यात पावलं वाजू लागली. टर्कीचं चालणं पाचोळ्यात अगदी माणसासारखं वाजतं. म्हणूनच तर रानात इतकी माणसं फसतात.

पावलं त्याच्यासमोर थांबली. मला पाल्यामुळे काही दिसेना. बंदुकीची नळी हळूहळू खाली गेली.

"डेलमर…" वर्लिन म्हणाला.

मी झाकणावरचा हात थांबवला.

"मी ऐकलं होतं…" तो लहान मुलासारखा बोलत होता. "तू म्हणालास, वर्लिन, मी आहे इथं… मी ऐकलं होतं, डेलमर… पण तो नर माझा होता… तू माझ्या आधी येऊन बसलास… दरवर्षी तूच आधी…"

झालं. मला हवं ते मिळालं होतं. डबी खाली ठेवून मी उठू शकले असते. पण ज्यानं माझ्या माणसाला एका पक्ष्यासाठी मारलं, त्याला मी इतक्यात सोडणार होते? मी पुन्हा झाकण घासलं, जोरात. त्याला चांगला भेट, म्हटलं, डेलमर. गळामिठी घाल.

वर्लिनचा हात सावकाश वर आला. गयावया करत असेल, असं मला वाटलं.

मग पावलं त्याला ओलांडून वर यायला लागली. माझ्याकडे.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्लिनला भेटवायच्या नादात मी साधी गोष्ट विसरले होते. नर बंदुकीकडे येत नाही. तो हाकेकडे येतो, आणि हाक माझी होती.

मी डोळे मिटून घेतले. ओल्या लोकरीचा वास आला, अगदी नाकाशी. घुमार माझ्या पाठीत शिरला. कुणीतरी माझ्या शेजारी टेकलं, लाकूड किंचित दबलं… खूप वेळ आम्ही तसेच बसलो. डोळे उघडले तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. वर्लिन बंदूक टाकून केव्हाच पळाला होता.

मला भीती वाटायला हवी होती. मला रडू आलं, आनंदानं. घरी निघाले तर मागून पाचोळ्यात पावलं येत राहिली. मी वळले नाही. मुका नर जवळ आला की हलायचं नसतं, नाहीतर तो कायमचा जातो. दुपारी मी दोन ताटं मांडली.

सगळा उन्हाळा तसाच गेला. मी भांडी घासायचे आणि पाठीमागे खुर्ची करकरायची. मी बोलायचे, तो ऐकायचा. गाईचं, पावसाचं, वर्लिनच्या बायकोच्या मॅकरोनीचंसुद्धा सांगितलं. सकाळी त्याचं ताट रिकामं असायचं. वळून बघायचा मोह कैकदा झाला, पण मी तो आवरला. नवरा परत आला होता. तोंड बघायची घाई कशाला?

वर्लिन मात्र त्या दिवसापासून घराबाहेर पडला नव्हता. ऑगस्टच्या अखेरीस मी पीचचा गोड केक भाजला आणि त्याला खिजवायला गेले. तो ओसरीत घोंगडी पांघरून बसला होता. हाडांची मोळी झाली होती नुसती.

"कसा आहेस?" मी विचारलं. "डेलमरनं विचारलंय."

केकचं ताट मी त्याच्या मांडीवर ठेवलं.

"घरी आलाय तो," मी म्हणाले. "रोज जेवतो माझ्या हातचं. तू त्याला जे सांगितलंस ते मी सगळं ऐकलं, वर्लिन. शब्द न् शब्द."

वाटलं होतं, तो रडेल, पाया पडेल. तो हसला. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत.

"डेलमर?" तो म्हणाला. "ओलेटा, डेलमरचा चेहरा शेवटचा पाहिला तो मी. तो मी विसरेन? मध्ये पाला होता, मला आधी कोट दिसला… छर्र्यांनी फाटलेला तोच कोट. म्हणून मी बोलत सुटलो."

"तो कोट मी जाळलाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"मग ते जवळ आलं. वाकलं. तो डेलमर नव्हता… माणसाचं तोंड कसं असतं ते कुणाकडून तरी ऐकून बनवावं ना, तसं होतं ते."

"खोटं बोलतोस."

"त्यानं माझ्या कानाशी एकच विचारलं." वर्लिननं घोंगडी नीट ओढून घेतली. "हाक मारणारी कुठं बसलीय, म्हणालं. डेलमरला विचारावं लागलं असतं का गं?"

"आणि… तू?"

"मला आमिष म्हणून बसवलं होतंस ना तू त्या झाडाखाली?" तो केकचा तुकडा मोडत म्हणाला. "मी बोट दाखवलं."

मी घरी आले तेव्हा ऊन अजून होतं. गाई गोठ्याशी आल्या नव्हत्या, कुंपणापाशी एकीला एक चिकटून उभ्या होत्या. मागचं दार उघडं होतं. मी न पेटवलेली चूल पेटलेली होती आणि मोठं भांडं नुसतं पाणी घालून तिच्यावर चढवलेलं होतं.

टेबल मांडलेलं होतं. ताट एकच होतं, आणि ते माझ्या जागेवर नव्हतं.