पाचशे खड्ड्यांची सावली

सौंसर-बोरगाव रस्त्यालगतच्या मैदानात लावलेली पाचशेच्या पाचशे झाडं जगली, असा अहवाल मागच्या मे महिन्यात पांढुर्ण्याला जमा झाला.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण त्या मैदानात एकही झाड नाही. खड्डे आहेत. पाचशे. प्रफुल्लनं ते स्वतः मोजलेत, दर मंगळवारी, दोन वर्षं.

प्रफुल्ल एका सरकारी खात्यात रोजंदारीवर होता. खात्याचं नाव सांगत नाही, त्यालाही घरदार असेल. दोन वर्षांपूर्वी त्या खात्यातून तीन हुकूम निघायचे होते. खड्डे खोदा, रोपं लावा, पाणी घाला. पहिला आला. तिसराही आला. मधला कुठं राहिला ते आजतागायत कोणाला माहीत नाही.

टँकर चालवणारा देवीदास पहिल्याच दिवशी डोकं खाजवत म्हणाला होता, "काय बे, झाडं कुठी हायेत?"

"हुकमात पाणी लिहेल आहे, देवीदासभाऊ. झाडाचं काही लिहेल नाही."

"मंग काय खड्ड्याले पाणी पाजू?"

"पाजा. तहानेला दिसून राह्यला."

प्रफुल्ल हे गमतीनं बोलला होता. पण देवीदासनं पाइप सोडला, आणि सरकारी पाणी एकदा सुरू झालं की ते थांबवायला वेगळा हुकूम लागतो. तो कोणी काढला नाही. पाणी नाल्याचं होतं, कोणाच्या तोंडचं नव्हतं, त्यामुळे बोंबही झाली नाही. पावसानं खड्डे बुजले की प्रफुल्ल ते पुन्हा उकरायचा. प्रत्येक खड्ड्याशी वाकून बादली ओतायची आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा, असा नेम. फोटोत एक खड्डा, त्यात गढूळ पाणी, आणि पाण्यावर पडलेली प्रफुल्लची सावली. वरून कधी कोणी विचारलं नाही की बाबा, यात झाड कोणतं?

त्याची आई मंगलाबाई लोधीखेड्याहून शेतमजुरीला यायची. उन्हाळ्यात पराटीची, म्हणजे कपाशीची, धसकटं वेचायचं काम बाराला सुटायचं, आणि परतीचा ऑटो यायचा एकला. तो तासभर बायका ह्याच मैदानाच्या कडेला उभ्या राहायच्या. पहिल्या वर्षीच्या मे महिन्यात मंगलाबाई तिथं उन्हानं कोसळली. तीन दिवस सलाइनवर होती. कागदावर पाचशे झाडं उभी होती आणि त्यांच्याच कडेला पोराची माय पडली होती. प्रफुल्ल जगातल्या प्रत्येक गोष्टीवर विनोद करायचा. ह्या गोष्टीवर केला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यातला मंगळवार. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. प्रफुल्ल बादली घेऊन आला तर अकरा बायका मैदानाच्या ऐन मध्यात बसलेल्या. डोक्यावरचे दुपट्टे सोडलेले. एकीनं डबा उघडलेला.

"आई! उन्हात काहून बसली? मागच्या सालचं विसरली काय?"

"उन्हात कोन बसून राह्यलं बे? डोये फुटले काय तुये?"

तो तणतणत गेला. खड्डा नंबर दोनशे अकरा ओलांडला आणि पायाखालची जमीन गार झाली. एका पावलात. स्लिपरच्या रबरातून कळावी इतकी. मानेवरचा घाम थंड पडला. कडुलिंबाच्या मोहराचा वास आला. वारा नव्हता, पण डोक्यावर कुठंतरी पानं सळसळत होती. त्यानं वर पाहिलं. पांढरं, रिकामं आभाळ.

दोनशे बाराच्या काठावरून मुंग्यांची रांग निघाली होती. ती सरळ वर चढत होती, कशावरही नाही. कंबरेच्या उंचीपर्यंत त्यानं नजरेनं तिचा पाठलाग केला. मग त्यानं दुसरीकडे पाहायचं ठरवलं.

"आई, हे कशाची सावली होय?"

"सावलीले कोनी जात-नाव पुसते काय? बस गुमान. भाकर खा."

तो बसला. भाकर खाल्ली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला त्या मैदानात झोप आली.

त्याच संध्याकाळी निरोप आला. गुरुवारी पांढुर्ण्याहून अरविंदसाहेब तपासणीला येणार. झाडं जगली नसतील तर मैदानावर सिमेंट ओतून ट्रक उभे करायची जागा होणार. आणि झाडं तर नव्हतीच.

प्रफुल्ल सायकलनं घरी निघाला. ऊन कलतं होतं. रस्त्यावर खांबांच्या सावल्या लांब पडल्या होत्या. सायकलची सावलीही पडली होती. तिच्यावर कोणी बसलेलं नव्हतं.

त्यानं पायडल मारणं थांबवलं नाही. थांबून तरी कोणाला सांगणार?

घरी त्यानं आईला सांगितलं, "आई, माई सावली पडून नाही राह्यली."

मंगलाबाई दारात बसून कांदा चिरत होती. तिची स्वतःची सावली उंबऱ्यावर नीट पडलेली होती. तिनं पोराच्या पायांकडे पाहिलं. विळी बाजूला सारली.

"दुखते काय कुठी?"

"नाही."

"मंग असू दे. आपल्या सावलीत कधी बसता येते काय आपल्याले? दुसऱ्याच्याच कामाची असते ते."

गुरुवारी बारा वाजून दहा मिनिटांनी जीप आली. अरविंदसाहेब छत्री उघडून उतरले. हातात रजिस्टर. ते मध्य प्रदेश सरकारचं, म्हणून हिंदीत छापलेलं होतं आणि शेवटचा रकाना होता 'जीवित पौधे', म्हणजे जगलेली रोपं.

साहेबांनी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"कुठं आहेत?"

"मधात या, साहेब."

"मी विचारलं, झाडं कुठं आहेत?"

"इथून नाही सांगता येत, साहेब. मधात या."

साहेब चिडून चालू लागले. बायकांनी सरकून जागा केली. दोनशे अकरा ओलांडला.

साहेब थांबले.

त्यांनी रुमालानं मान पुसली. रुमालाकडे पाहिलं. मग छत्री मिटली. आपण ती मिटली हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसलं नाही.

वरून एक पिवळं पान गिरक्या घेत आलं आणि रजिस्टरच्या उघड्या पानावर पडलं.

साहेबांनी वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"किती उंच आहेत?" त्यांनी हळूच विचारलं.

"मले वरचं दिसत नाही, साहेब."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. शेवटच्या रकान्यात पाचशे लिहिलं. सही केली. पान न झटकता रजिस्टर मिटलं.

"साहेब, ताक घ्या ना थोडं," मंगलाबाई म्हणाली.

साहेब जीपकडे निघाले होते, त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

मैदानाच्या कडेला ऊन सुरू झालं. छत्री मिटलेलीच होती, काखेत.

जमिनीवर छत्रीची एक काळी रेघ जीपकडे चालत गेली.

एकटीच.

सिमेंट दुसरीकडे गेलं. बायका आता एकोणीस झाल्यात, ऑटोवालाही भाकर आणून तिथंच खातो. सावली पार रस्त्यापर्यंत आली आहे. प्रफुल्ल दर मंगळवारी पाणी घालतो. मागच्या आठवड्यात त्यानं हिंदीत एक अर्ज टाकला. त्याचा मराठी मतलब असा:

'महोदय, अर्जदाराची सावली सदर मैदानात दोन वर्षांपासून रविवार व सणासुदीसह विनातक्रार हजर आहे. अर्जदार स्वतः रोजंदारीवर राहण्यास तयार आहे, परंतु सावलीस सेवेत कायम करण्यात यावे. तसेच मागील मे महिन्यात तपासणी अधिकाऱ्यांची सावलीदेखील येथे रुजू झाली असल्याने, सेवाज्येष्ठतेच्या यादीत अर्जदाराच्या सावलीचे नाव साहेबांच्या सावलीच्या वर घेण्यात यावे, ही नम्र विनंती.'