भुताच्या घरातून माणसं जातात कुठे?

"आजपण लाडू उरले!" टोपलीवरचं फडकं उचलून आरोही ओरडली.

"मग ही काय तक्रार झाली?" तिच्या धाकट्या भावाने, अद्वैतने, लगेच टोपलीत हात घातला. "उरले तर खायचे! बोंबलायचं कशाला?"

"हात काढ आधी! अरे, सकाळपासून भुताच्या घरात नुसती रीघ लागलीये. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला मी शेंगदाण्याचा एक लाडू देते. मग टोपली अर्धी भरलेली कशी?"

अद्वैतचा हात टोपलीतच थांबला. "म्हणजे... आत गेलेली माणसं बाहेरच आली नाहीत?"

"तेच म्हणतेय मी! आणि हे रोज होतंय!"

"भुतांनी खाल्ली!"

"आमचं भूत शाकाहारी हाय," मामांचा मुलगा पृथ्वीराज ट्रॅक्टर पुसता पुसता म्हणाला. "भुताचं सोंग घेणारे शिवयोगीकाका सोमवारी कांदापण खात न्हाईत."

आरोहीला मात्र हसू आलं नाही. एरवी ती सगळ्यांत आधी खिदळली असती. पण आज ती टोपलीतले लाडू पुन्हा मोजत होती.

सांगायचं तर असं, की आरोही आणि अद्वैत दरवर्षी सुट्टी लागली रे लागली की सोलापुरातून थेट अक्कलकोट रस्त्यावर सुभानमामांकडे पळत. मामांनी शेताच्या एका तुकड्यावर 'कोंडीबा आनंदनगरी' उभारली होती. आता नगरी म्हणायला नगरी! हाताने फिरवायचा पाळणा, डबे जोडून केलेली ट्रॅक्टरची आगगाडी, मोटारीचं पाणी सोडलेला एक हौद, कडुनिंबाची झाडं आणि भुताचं घर. संपली नगरी! भुताचं घर म्हणजे कोंडीबा आजोबांच्या वेळचं कडबा ठेवायचं धाब्याचं घर. भिंती हातभर जाड, वर मातीचं धाबं, खाली शेणाने सारवलेली जमीन. त्यात मामांनी सांगाडे टांगले, चेटकिणीची कढई मांडली, लाल दिवे लावले आणि वर पाटी ठोकली, 'हिंमत असेल तर या!' गंमत म्हणजे स्वतः मामांनी दिवे लागल्यापासून एकदाही आत पाऊल ठेवलं नव्हतं. कुणी विचारलं की ते म्हणत, "तिकिटाची खिडकी कोण सांभाळणार मग?"

आणि रस्त्यापलीकडे काय होतं? तर 'ड्रॅगन ड्रीमलँड'! आग ओकणारा ड्रॅगन, लाटांचा तलाव, कारंजी, डीजे! त्याचे मालक राजशेखर शेठ. पांढऱ्या सुटातला त्यांचा हसरा चेहरा सोलापूर येईपर्यंत दर फलकावर दिसे. या शेठना आता मामांची जागा हवी होती. कशासाठी? तर पार्किंगसाठी! आज संध्याकाळी पाच वाजता ते बोलणी पक्की करायला येणार होते.

"मामा, नका ना विकू!" आरोहीने सकाळीच गळ घातली होती.

"बाळ, त्यांच्याकडं ड्रॅगन हाय. माझ्याकडं काय हाय?" मामा म्हणाले होते. "ड्रॅगनच्या रांगेत उभं ऱ्हावत न्हाय म्हणून लोक चुकून हिकडं येतात. हे बघ, मोबाइलवर एकानं काय लिवलंय! 'भुताच्या घरात अजिबात भीती वाटत नाही. लई भारी!' भूतसुद्धा धड जमलं न्हाय मला."

'लई भारी' हे दोन शब्द मामांनी वाचून न वाचल्यासारखे केले होते. मोठी माणसं असं बऱ्याचदा करतात.

"ए, तो बघ!" अद्वैतने आरोहीला कोपराने ढोसलं. "गॉगलवाला!"

डोक्याला, तोंडाला पांढरा पंचा गुंडाळलेला, काळा गॉगल घातलेला एक गृहस्थ भुताच्या घराकडे निघाला होता. काखेत एक फुगलेली पिशवी. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि सुळकन आत शिरला!

"हा रोज येतो," आरोही कुजबुजली. "आणि याने माझ्याकडून लाडू एकदाही घेतलेला नाही! पृथ्वीराज, हा ड्रॅगनवाल्यांचा माणूस असणार. आपली गिऱ्हाइकं हा आतल्या आत पळवतोय!"

"आतल्या आत? कुटनं?"

"भुयार खणलं असेल!"

"पिशवीत कुदळ असेल!" अद्वैत म्हणाला.

"कुदळ फुगते व्हय रे?" पृथ्वीराजने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "चला, बघूच या!"

ऊन असं होतं की चप्पल डांबराला चिकटावी. तिघं धावतच भुताच्या घरात शिरली आणि जागीच थबकली. आत मिट्ट काळोख, लाल दिवेसुद्धा विझवलेले. पहिल्या खोलीत वरून सांगाडा अंगावर पडायला हवा होता, पडलाच नाही. दुसऱ्या वळणावर शिवयोगीकाकांनी किंचाळायला हवं होतं, तेही नाही.

"काकांनापण पळवलं!" अद्वैतने आरोहीचा फ्रॉक घट्ट धरला.

तेवढ्यात आवाज आला. घुर्रर्रर्र... फूऽऽऽ! घुर्रर्रर्र... फूऽऽऽ!

"ड्रॅगन!" अद्वैतची बोबडी वळली. "भुयारातून ड्रॅगन आला!"

"गप रे! ड्रॅगन पत्र्याचा आहे," आरोही म्हणाली खरी, पण तिनेही पृथ्वीराजची बाही पकडली. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि ते कशावर तरी मऊ मऊ पडलं. ती मऊ वस्तू चटकन मागे सरकली!

"आईऽऽ गं!"

"सुम्निरू!" अंधारातून कुणीतरी दबक्या आवाजात खेकसलं. "गप बसा की! लेकरू झोपलंय!"

पृथ्वीराजने मोबाइलचा उजेड पाडला. आणि काय सांगू! तिघांचे जबडे खालीच राहिले.

सगळी जमीन माणसांनी भरली होती! कुणी चादरीवर, कुणी नुसत्याच सारवलेल्या भुईवर, कुणी डब्याच्या पिशवीवर डोकं ठेवून. आजोबा, आत्या, काका, पोरंटोरं, सगळी गाढ झोपलेली! सांगाड्याच्या आकड्याला हडळीची पांढरी साडी बांधून झोळी केलेली, झोळीत एक तान्हं बाळ आणि झोळीला झोके देत बसलेले खुद्द शिवयोगीकाका! तोंडाला चुना, ओठांतून ओघळलेलं लाल रंगाचं रक्त आणि हातात खुळखुळा!

"काका! हे काय?"

"अय्यो!" शिवयोगीकाका केविलवाणे झाले. "मालकांना सांगू नका, बरं का! पहिल्या दिवशी एक ताई म्हणाल्या, भूतदादा, जरा दमानं घ्या की, बाळ आत्ताच निजलंय. आता काय करणार? भूत झालो म्हणून माणुसकी सोडायची का? दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या भावकीलाच घेऊन आल्या!"

"पण ही माणसं बाहेर कधी पडतात?"

"ऊन उतरल्यावर. तुमी चहाला जाता तवा."

मघाशी खेकसलेली म्हातारी उठून बसली होती. तिचं नाव सिद्धम्मा. नातवंडांना घेऊन ती अक्कलकोटहून आली होती आणि आरोहीने तिच्याच पायावर पाय दिला होता.

"आजी, तुम्ही पलीकडे ड्रॅगनकडे नाही गेलात?" आरोहीने पाय चोळून देत विचारलं.

"गेलतो की! फरशी अशी तापलेली, की पाय टेकवायची सोय न्हाय. जरा बसावं म्हटलं, तर एक पोरगं येऊन म्हणतंय, आजी, उठा, ही फोटो काढायची जागा हाय! डबा सोडला तर म्हणे, बाहेरचं खाणं चालत न्हाय! अगं, माझी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाहेरची? तवापासनं हितंच येतो. पोरं सकाळी हौदात डुंबतात, दुपारी निजतात, ऊन कललं की पाळण्यात बसतात. लई गार हाय गं हितं!"

आरोहीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लोक भुताला भ्यायला येतच नव्हते! या उन्हात घरच्या माणसांना घेऊन अंग टाकायला जागा फक्त मामांकडे होती, आणि हे मामा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं!

घुर्रर्रर्र... फूऽऽऽ! पुन्हा तोच आवाज. तो चेटकिणीच्या कढईमागून येत होता. तिघं पाय न वाजवता तिकडे गेली. गॉगलवाला गृहस्थ पिशवीतून आणलेल्या मऊ उशीवर डोकं ठेवून आडवा पसरला होता. गॉगल कपाळावर, पंचा गळ्यात. पृथ्वीराजने उजेड चेहऱ्यावर धरला आणि तो पुटपुटला,

"हा तर फलकावरचा... राजशेखर शेठ!"

"ह्याला मी आत्ता हौदात बुडवतो!" पृथ्वीराज बाह्या सरसावू लागला.

"थांब!" आरोहीने त्याला मागे ओढलं. शेठच्या उशाशी त्यांचा फोन होता, आवाज बंद केलेला. तिने वाकून हळूच कडेची कळ दाबली आणि आवाज पार टोकापर्यंत वाढवला. "झोपू दे यांना. पाच वाजायची वाट बघू या!"

पाच वाजून गेले. कडक इस्त्रीचा सदरा घालून मामा खिडकीपाशी येरझारा घालत होते. विजयमालामामींनी केलेला चहा दोनदा गरम करून झाला.

"शेठ यायचे होते ना?" मामी चिडून म्हणाल्या. "का तेपण चुकून येणार हायत?"

"फोन लावा की मामा," आरोही साळसूदपणे म्हणाली. "पण इथून नको. भुताच्या घरापाशी रेंज चांगली येते."

मामा बिचारे भुताच्या घराच्या दारापर्यंत गेले आणि फोन लावला. आणि मग आतून कर्णे फुटल्यासारखी जाहिरात वाजू लागली, "याऽ हो याऽ! ड्रॅगन ड्रीमलँडला याऽऽ!"

"बापरे!" मामा दोन हात मागे उडाले.

आत एकच हलकल्लोळ उडाला! बाळ रडू लागलं, पोरं उठली आणि सिद्धम्माचा आवाज गरजला, "कुणाचा मेल्याचा फोन हाय त्यो!"

"आत... आत कोण हाय?" मामांनी दाराला धरून विचारलं.

"चला, दाखवते," म्हणत आरोहीने त्यांचा हात धरला. तो घामाने ओला झाला होता. तेव्हा कुठे तिला कळलं की मामा खिडकी सोडून इकडे का येत नाहीत! तिने हात आणखी घट्ट धरला आणि त्यांना आत नेलं.

आत शेठ नुकतेच दचकून उठले होते. समोर काय, तर चुनाभरलं तोंड आणि लाल ओठ! शिवयोगीकाका पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणत होते, "पाणी पिता का, साहेब?"

"भूऽऽऽत!" शेठनी अशी किंकाळी फोडली की धाब्याची माती खाली पडली.

"घाबरले!" मामा भीती विसरून ओरडले. "पहिल्यांदा कोणीतरी घाबरलं!" आणि मग त्यांना चेहरा ओळखू आला. "आँ? शेठ? तुमी हितं?"

"मी... ते... जागेची पाहणी करत होतो," शेठ उशी पाठीमागे लपवत म्हणाले.

"उशी घेऊन पाहणी?" सिद्धम्मा म्हणाली. "आन् घोरून घोरून?"

सगळं भुताचं घर खदाखदा हसलं. शेठ आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना.

"शेठकाका, तुमच्याकडे एसीचं ऑफिस आहे ना?" आरोहीने विचारलं.

"आहे. पण ड्रॅगनचं इंजिन नेमकं त्याच्या भिंतीला लागून बसवलंय. दिवसभर गुरगुरतो मेला! डोळा म्हणून लागत नाही. इथे टेकलं की झोप लागते."

"मग हे घर पाडून पार्किंग केल्यावर तुम्ही कुठे झोपणार होता?"

शेठनी लपवलेली उशी पुढे घेऊन छातीशी धरली. "हा विचार... राहूनच गेला!"

मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते चपला काढून त्या गार भुईवर उभे होते आणि झोळीतल्या बाळाकडे, सोडलेल्या डब्यांकडे, जांभया देणाऱ्या माणसांकडे बघत होते. "आजी," ते हळूच म्हणाले, "तुमी हितं... ड्रॅगनचं तिकीट मिळालं न्हाय म्हणून आला न्हाय?"

"दर रविवारी चुकते का रे मी? एसटी थांबवून उतरते हितं, तुझ्याकडं यायचं म्हणून!"

मामांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मामा शेठकडे वळले. "शेठ, जागा देत न्हाय मी. कढईमागं निजायचं असलं तर तिकीट काढून रोज या."

"महिन्याचा पास मिळेल का?" शेठनी आशेने विचारलं.

"मिळेल!" अद्वैत मामांच्या आधीच बोलला. "पण घोरायचं नाही!"

मामींनी तिन्ही पोरांना एकदम कवेत घेतलं. "लई गुणाची गं माझी पोरं! इतक्या मोठ्या माणसांना जे दिसलं न्हाय, ते तुमी हुडकलंत." सिद्धम्माने आरोहीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मामांनी आरोहीच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढलाच नाही.

"जरा बसून बघतो," ते शेवटी म्हणाले आणि भिंतीला टेकले. मग म्हणाले, "जरा आडवा होऊन बघतो." बाहेर ऊन उतरलं होतं, माणसं पाळण्याकडे निघाली होती आणि इस्त्रीच्या सदऱ्यासकट मामा भुताच्या घरात गाढ झोपले होते.

"अगं बाई, आता खिडकीवर कोण बसणार?" मामींनी विचारलं.

तोवर पृथ्वीराजने ट्रॅक्टर सुरू केला होता. अद्वैत पाळण्याकडे पळाला. फाटकाशी संध्याकाळची गर्दी जमली होती. आरोही मामांच्या खुर्चीवर चढून बसली आणि तिने खिडकी सताड उघडली.

"बोला, किती माणसं?"