योएल ग्लिकमनची वही

हिंदा टाऊबरने खोका उघडला आणि तिच्या पायाखालची वाळू सरकली. आत वही होती, पण कोरी. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते तसली, निळ्या पुठ्ठ्याची.

दिवंगत धर्मपंडित योएल ग्लिकमनची नुकतीच ग्रंथालयात आलेली हस्तलिखित वही नाहीशी झाली होती.

सुकोत, ज्यूंचा आठवडाभर मांडवात जेवायचा सण, कालच संपला होता. सणाच्या मधल्या दिवसांत विद्यापीठाचं ग्रंथालय उघडं होतं, पण हस्तलिखितांची प्रमुख हिंदा रजेवर होती. तिच्या जागी बसलेल्या ओल्गाने खोके दिले, खोके परत घेतले आणि एकही उघडून पाहिला नाही.

"अहो, मी का उघडू?" ओल्गा फणकारली. "चिठ्ठी ट्रेमध्ये येते, मी खोका टेबलावर ठेवते, संध्याकाळी उचलते. एक सांगते, तळघरातली ती जुन्या पानांची पेटी भरून वाहतेय. उद्या ती पानं पुरायला न्यायला दफनभूमीची गाडी येणार आहे. त्याचं बघा आधी."

हिंदाने शेवटची चिठ्ठी काढली. बुधवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटांचा शिक्का. चार ओळी, सगळ्या मोठ्या छापील अक्षरांत. नाव, टेबल, खोक्याचा क्रमांक, तारीख. नाव होतं नोआम अंकावा. टेबल चार. नावाची ओळ घसरगुंडीसारखी खाली उतरलेली. बाकीच्या तीन फूटपट्टी ठेवून मारल्यासारख्या सरळ.

"घाईत लिहिलंय," संचालक डॉ. कोरेन म्हणाल्या. "चोर घाईतच असतो. तीन वाजता समिती बसवते. पोराचं नाव वाचकांच्या यादीतून काढून टाकू. हिंदा, तक्रारीवर सही कर."

हिंदाने सही केली. 

नोआम माँट्रियलहून आलेला. चार वर्षं या एका प्रबंधामागे लागलेला. नाव काढलं की शिष्यवृत्ती गेली आणि दुसरं कुठलंही ग्रंथालय त्याला दारात उभं करणार नव्हतं.

तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"बुधवारी एक वाजता कुठे होतास?"

"खाली कॉफीच्या दुकानात. बेगल खात होतो."

"मांडवात नाही?"

"मिसेस टाऊबर, मी शाळेत असतानाच धर्माची टोपी काढून ठेवली. मला कसला मांडव?"

"दुकानाची पावती?"

"रोख दिले. पावती कोण सांभाळतं?" त्याचा आवाज चढला. "आणि मी ती वही का चोरीन? माझा अख्खा प्रबंध आता तिच्यावर उभा आहे! फोटो काढायची परवानगी तुम्ही दिली नाहीत, दोनच पानं हाताने उतरवून झाली होती. मीच तर तुम्हाला सांगितलं होतं, यातली वाक्यं कुठेतरी वाचल्यासारखी वाटतात!"

सांगितलं होतं खरं. सणाच्या आदल्या दिवशी. हिंदाने त्याला परत पाठवलं आणि हजेरीचं पुस्तक उघडलं. त्या दुपारी वाचनकक्षात तिघंच होते: नोआम, शिकागोचे प्राध्यापक बाखराख आणि ज्यू धर्मगुरू रब्बी एफ्राईम झिल्बरफार्ब.

बाखराखांचं नोआमशी वाकडं होतं, हे सगळ्या विभागाला माहीत होतं.

"एक ते दोन कुठे होतात?"

"पलीकडच्या खानावळीत. हॅम सँडविच, डुकराचं. लिहून घ्या, तुमच्या रब्बींचा जेवणावरून जीव उडेल."

"अंकावाचा प्रबंध पूर्ण झाला असता तर तुमच्या पुस्तकाची शोभा झाली असती."

"बाई, माझ्या पुस्तकाची शोभा मी स्वतःच पुरेशी केली आहे," बाखराख हसले. "आणि दारावरचा तो पहारेकरी माझा मोजासुद्धा उलटा करून बघतो. वही नेली कुठून?"

प्रश्न खरा होता. दारावर प्रत्येक पिशवी, प्रत्येक कोट तपासला जाई. सणाच्या आठवड्यात तर दोनदा.

रब्बी झिल्बरफार्ब पाच नंबरच्या टेबलावर, रोजच्या जागी होते. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या एका जाड ग्रंथामुळे अर्ध्या जगातल्या पाठशाळा त्यांचं नाव आदराने घेत. हिंदाला जुनं हस्ताक्षर वाचायला त्यांनीच शिकवलं होतं, बाईमाणसाला कोणी शिकवत नव्हतं त्या काळात. दर सणाला, मधल्या दिवसांत लिहिलेलं त्यांचं शुभेच्छापत्र येई. यंदाचंही तिच्या टेबलासमोर टाचलेलं होतं.

"बुधवारी एक वाजता, रब्बी?"

"अंगणातल्या मांडवात, पोरी. हेरिंग मासा आणि पाव. एकटाच. पाऊस आला नि बाकीचे पळाले." त्यांनी उसासा टाकला. "मुलगा वाईट नाही गं. पण नावाची भूक वाईट. समितीला सांग, फार कठोर होऊ नका."

किती मोठं मन, असं वाटून हिंदाचे डोळे भरून आले. तेव्हा एक वाजला होता; समिती बसायला दोन तास उरले होते.

ती जागेवर परतली. ट्रेमधल्या त्या आठवड्याच्या चिठ्ठ्या चाळल्या. बुधवारीच सकाळी नोआमने आणखी एक खोका मागवला होता. चारही ओळी सरळ. मग दुपारचीच ओळ का उतरली? आणि घाईच असेल तर एकच ओळ कशी घाईत लिहिली जाते?

तिने मान वर केली. समोर शुभेच्छापत्र होतं.

तिने ते काढून चिठ्ठीशेजारी धरलं. मग उठली आणि तळघरात गेली.

अडीच वाजता तिने वाचनकक्षाचं दार आतून लावलं. आत रब्बींशिवाय कोणी नव्हतं. तिने चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली.

"ही नोआमने लिहिलेली नाही, रब्बी."

"कशावरून?"

"सणाच्या मधल्या दिवसांत आपण नेहमीसारखं लिहीत नाही. लिहिणं भागच असेल तर जुन्या वळणाची माणसं पहिली ओळ मुद्दाम तिरकी लिहितात. आज साधा दिवस नाही, याची स्वतःला आठवण म्हणून. माझे वडील दुकानाची पाटीसुद्धा तशी लिहायचे. ज्याने टोपी काढून ठेवली तो नोआम कशाला लिहील? बाखराख तर सणाच्या दिवसात हॅम खातात. त्या दुपारी हे पाळणारं माणूस इथे एकच होतं."

रब्बींनी चष्मा काढला. "आळ घेतेस, हिंदा. असं लिहिणारे या शहरात हजारो आहेत."

"या खोलीत नव्हते." तिने शुभेच्छापत्र चिठ्ठीशेजारी ठेवलं. पहिली ओळ तशीच, तितकीच उतरलेली. "अक्षरं तुम्ही बदललीत. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही."

रब्बींनी चिठ्ठी बोटाने दूर सारली.

"नोआम खाली गेलेला पाहून तुम्ही त्याच्या नावाची चिठ्ठी ट्रेमध्ये टाकलीत. ओल्गाने खोका चार नंबरवर ठेवला, तुमच्या हाताच्या अंतरावर. कोरी वही आत, खरी तुमच्या कोटात. दारातून बाहेर पडायची तुमची छाती नव्हती, आणि गरजही नव्हती. अंगणातल्या मांडवाची वाट तळघरातूनच जाते."

तिने पिशवीतून एक जीर्ण तपकिरी वही काढून टेबलावर ठेवली. रब्बींचा हात आपोआप पुढे आला आणि मागे गेला.

"जुन्या पानांच्या पेटीत सापडली. तळाशी. उद्या गाडी येऊन दफनभूमीत पुरली गेली असती. पवित्र अक्षरं आपण जाळत नाही, फेकत नाही, माणसासारखी पुरतो. तुमच्यानेही जाळवली नाही."

"कशी जाळू, पोरी? योएलचा हात आहे तो."

"वाचली मी. तुमच्या ग्रंथातलं तिसरं प्रकरण शब्दाला शब्द आहे तिच्यात. चौथंही. तुमचा ग्रंथ यायच्या पाच वर्षं आधी ग्लिकमन वारले होते."

खिडकीबाहेर माळी मांडवावरच्या ओल्या फांद्या उतरवत होता. रब्बी त्याच्याकडे पाहत बोलले.

"अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर शिकलो. तो बोलायचा, मी बोलायचो. तो गेल्यावर कुठलं त्याचं नि कुठलं माझं, ते माझं मलाच कळेना. मग कळेनासंच बरं वाटू लागलं. वही त्याच्या बायकोकडे आहे, हे ठाऊक होतं मला. तिने चाळीस वर्षं तोंड उघडलं नाही. मला वाटलं, सुटलो."

"आणि मग मी तुम्हाला सांगितलं." हिंदाचा आवाज फुटला. "नोआम माझ्याकडे आला आणि मी धावत तुमच्याकडे आले. म्हटलं, रब्बी, तुमच्या जुन्या सोबत्याची वही त्यांच्या घरून आलीय, हा पोरगा काहीतरी मोठं शोधतोय. मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल!"

"हिंदे..."

"ज्याचं बोलणं, त्याच्या नावाने सांगावं. पहिल्याच दिवशी शिकवलंत तुम्ही मला. तीस वर्षं मी तळटीप लिहिताना तुमचा चेहरा आठवते."

"तो तरुण आहे. दुसरीकडे कुठेतरी उभा राहील. माझ्याकडे आता किती दिवस? वही परत पेटीत ठेव. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

"वही जाळायला हात धजला नाही तुमचा, आणि त्या पोराचं आयुष्य जाळायला धजला? चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आम्ही, आणि त्या फाशीच्या कागदावर सही माझी होती!"

तिने फोन उचलला. 

"डॉ. कोरेन? समिती थांबवा. वही सापडली. ती योएल ग्लिकमन यांची आहे आणि ती रब्बी एफ्राईम झिल्बरफार्ब यांनी लपवली होती. हो. ते इथेच बसलेत. नोआमला मी स्वतः सांगते. त्याची माफी मला मागायची आहे."

तिने फोन ठेवला. रडू आवरायचा तिने प्रयत्नही केला नाही.

रब्बींनी सावकाश हॅट घातली. टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले, क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहत थांबले. गुरू उठला की शिष्याने उठायचं, तो दाराबाहेर जाईपर्यंत बसायचं नाही. हिंदा आजवर तापात असतानाही यांच्यासाठी उठली होती.

ती वहीवर हात ठेवून बसून राहिली.