नखावरची रेघ

निकेश, पिकअप घ्यायची तर घे, मी कोण नको म्हणणारा. पण मघाशी विचारलंस ना, हरेशदादाच्या नव्या गाडीला नेमकं काय झालं होतं, तर बस खाली. मनस्वी, तू पण बस गो. लाईट काय आता तासभर येत नाय. आणि तो मोबाईल पालथा ठेव, डोळ्यांवर उजेड येतो.

हरेश माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, हे तुम्हाला माहीतच हाय. गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला त्यानं पिकअप घेतली आणि जूनमध्ये तिसरा गियर सुटायला लागला. सीटवरचं प्लास्टिक पण काढलेलं नव्हतं अजून. तीनदा सर्व्हिस सेंटरला नेली. तिन्ही वेळा दोन-दोन दिवस ठेवून घेतली आणि कागदावर लिहून दिलं, दोष आढळला नाही. वर तोंडी सांगतात, ड्रायव्हरला क्लचवर पाय ठेवायची सवय हाय. अरे, त्याला क्लच दाबायला मी शिकवलं. चौतीस वर्षं एसटी चालवली मी, पेण डेपोला. मी स्वतः ती गाडी चालवून बघितली. गियर खरोखर सुटत होता, वडखळच्या पुलावर माझ्या हातातून सुटला. म्हणजे गाडीत खोट आधीपासून होती. पुढचं ऐकून सगळंच भुताच्या माथी मारू नका.

रात्र सांगतो. गेल्या वर्षीची हरतालिका. मंगळवार, सव्वीस ऑगस्ट. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे. पेणहून मूर्ती न्यायला गाड्यांची नुसती रांग लागते, ते मी तुम्हाला काय सांगू. हरेशची त्या दिवशीची शेवटची फेरी. रामवाडीच्या कारखान्यातली एकच मूर्ती, दीड हाताची, रोह्याच्या अलीकडे निडीला द्यायची. जनूच्या लेकीकडे, अपेक्षाकडे.

जनू म्हणजे त्या कारखान्यात मूर्तीचे डोळे काढणारा. चाळीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाय. मी त्याच्या बाजूला बसून चहा प्यालोय, म्हणून त्याची पद्धत मला पाठ हाय. ब्रश काळ्या रंगात बुडवायचा. वाटीच्या काठावर दोनदा ठोकायचा, टिक टिक. मग उजव्या अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघायचा. केसाएवढी बारीक आली तरच ब्रश मूर्तीकडे. जाड आली तर पुसायचा आणि परत ओढायचा. त्या नखामुळे त्याला सगळे हसायचे, मी पण हसायचो. लेकीचा गणपती तर तो दरवर्षी सगळ्यात शेवटी करायचा, सावकाश.

श्रावण लागला आणि जनू गेला. कारखान्यातच, बसल्या जागी.

अपेक्षाचं एकच म्हणणं होतं, यंदा पण माझ्या घरी बाबांच्याच हातचा गणपती येणार. पोरीला बापाचं तेवढंच राहिलं होतं. मूर्ती फळीवर होती. तोंडावर लाल फडकं बांधलेलं होतं. आता कारखान्याची रीत अशी, की डोळे झाले म्हणजे तोंड झाकायचं. फडकं दिसलं की मूर्ती तयार. पण ही लेकीची मूर्ती. धूळ बसू नये म्हणून जनूनं तिचं तोंड आधीच झाकून ठेवलं होतं, हे कोणाच्या ध्यानात नाय. फडकं बघितलं, उचलली, गाडीत गवतावर बसवली, दोरी मारली. झालं. बिनडोळ्यांचा गणपती कारखान्याचा उंबरा ओलांडून गेला. असं कधी होत नाय. तिथलं शेंबडं पोर पण असं करायचं नाय.

हरेश सहाला निघाला. वडखळला दीड तास अडकला. नागोठण्याला पोचला तेव्हा साडेआठ झाले होते. पाऊस थांबलेला. चहा प्याला आणि दोरी बघायला मागं गेला, तर वाऱ्यानं फडक्याचं टोक वर केलेलं. त्यानं मोबाईलची बॅटरी मारली.

डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग.

तो तिथंच उभा राहिला. परत फिरायचं तर पुन्हा तीच गर्दी. नाय असं नाय, पेणचे कारखाने त्या रात्री उघडेच असतात, कोणीतरी डोळे काढून दिले असते. तो हिशोब करतोय एवढ्यात फोन वाजला. अपेक्षा.

"हरेशदादा, कुठवर आलात?"

"नागोठण्याला हाय."

"एक विचारू? तुम्ही बघितलीत का हो मूर्ती? डोळे कसे आलेत?"

ह्यानं बॅटरी बंद केली.

"माझ्यासाठी दरवर्षी हसरे काढायचे बाबा. हसरे आलेत ना?"

"व्हय," हा म्हणाला. "हसरे आलेत."

फडकं घट्ट बांधलं त्यानं, दोन गाठी मारून. मनाशी म्हणाला, सकाळी त्यांचं ते बघतील, आपण पोचवणारे. मला नंतर सांगताना हे वाक्य त्याला पुरं करता येईना. रडला माझ्यासमोर, बाप्या माणूस.

रोह्याचा रस्ता धरला. खिंडीचा चढ लागला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार. चढाच्या मधोमध तिसरा गियर सुटला. नेहमीचंच, असं त्याला वाटलं. दुसरा टाकायला गेला, पडंना. पहिला पडंना. इंजिन बंद. गाडी मागं सरकायला लागली, तसा त्यानं ब्रेक दाबला. समोर घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं.

आता नीट ऐक निकेश, तू चालवणारा हायस. उजवा पाय ब्रेकवर. उचलला की गाडी मूर्तीसकट मागं जाणार, खाली उतारात. उजवा हात स्टेअरिंगवर. डावा हात गियरच्या दांड्यावर. हँडब्रेकपर्यंत उजवा पोचत नाय, ओढायचा तर डावा हात उचलायला हवा. त्यानं उचलायला बघितला.

हात सुटंना.

जोर लावला. बोटं हलत होती, पण पंजा दांड्यावरून निघंना. मुठीवर अंगठा वर, नख आकाशाकडे. बर्फासारखा गार पडलेला तो अंगठा. गियरचा दांडा आतून थरथरत होता. इंजिन तर बंद होतं...

त्यानं फक्त रिव्हर्सकडे रेटून बघितलं. रिव्हर्स पडला. लोण्यात सुरी जावी तसा पडला. म्हणजे गाडीला परत जायचं होतं. पण अंधारात, त्या वळणावरून, एका हातानं मागं कसा जाणार? परत न्यूट्रल केला. बसला.

हॉर्न दाबला. वाजला नाय. खाली निडीच्या बाजूला गाडी गेली रेल्वेची, डबे उजळलेले, माणसं दिसत होती लांबून. हा ओरडला. काच बंद. काच खाली होईना. हरतालिकेची रात्र, दुसऱ्या दिवशी गणपती, आणि त्या रस्त्यावर एक मोटरसायकल आली नाय. डॅशबोर्डवर फोन वाजत होता. अपेक्षा. वाजून वाजून बंद झाला. परत वाजला. हात पोचत नव्हता.

पाय भरून आला. मांडी लटलटायला लागली.

मग मागचे स्प्रिंगचे पाटे दबले. थोडेसेच. कोणी माणूस हौद्यात चढल्यावर दबतात तेवढे.

शांत.

टिक... टिक.

वाटीच्या काठावर.

हरेश आरशात बघायला तयार नव्हता. त्यानं डोळे मिटून घेतले. पाठीमागं केबिनची छोटी काच असते ना, सरकवायची... ती सरकली. हळू. ओल्या शाडूचा वास आत आला.

"जनूकाका," हा म्हणाला. "चुकलं माझं."

काही नाय.

"मी परत नेतो. आत्ता नेतो. नेऊ द्या."



त्याच्या खांद्यावरून गार काहीतरी पुढं आलं. हाताच्या कडेकडेनं खाली गेलं. दांड्यापर्यंत. अंगठा धरला. दोन बोटांनी, अलगद. डॉक्टर नाडी धरतात तसा.

आणि नखावर... ओलं. एक ओला केस फिरावा तसं. मुळापासून टोकापर्यंत.

थांबलं.

पुसलं. खरखरीत बोटानं. पहिली रेघ जाड आली असणार.

टिक... टिक.

परत ओढली.

या वेळी पुसलं नाय.

अंगठा सुटला. हात सुटला नाय. मागं गवत वाजलं. फडक्याची गाठ सुटल्याचा आवाज. एक गाठ... दुसरी गाठ. मग बराच वेळ काहीच नाय. फक्त मधेच, टिक टिक. परत बराच वेळ. पायाला मुंग्या, घाम डोळ्यात, ब्रेक सोडायचा नाय. सोडला तर मूर्ती जाईल, आपण जाऊ. पण हरेश मला म्हणाला, मामा, मला तेव्हा माझी भीती राहिली नव्हती. त्यांचा हात हलू नये एवढंच वाटत होतं. गाडी जरा जरी सरकली असती तर रेघ चुकली असती.

मग पाटे वर आले.

खट्. गियरचा दांडा आपोआप पहिल्यात पडला. हात मोकळा. चावी फिरवली, इंजिन लागलं. घड्याळात दहा पस्तीस. गाडी चढ चढून गेली, तिसरा पडला, एकदाही सुटला नाय.

निडीला अपेक्षा दारातच उभी होती, हातात ताट घेऊन. फोन करून करून हैराण झालेली. तिनं मूर्तीवर तांदूळ-पाणी ओवाळलं, नवऱ्यानं उचलून पाटावर ठेवली. हरेश उंबऱ्याबाहेरच. त्याला सांगायचं होतं. "अपेक्षा, मी एक खोटं बोललो तुला," एवढं म्हणाला पण. पण ती ऐकतेय कुठं. फडकं सकाळी काढायचं असतं, तिला दम निघाला नाय. एकच गाठ होती. सैल, डाव्या हाताची. जनू डावखुरा होता बरं का.

फडकं बाजूला झालं.

ती बघत राहिली. मग खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हसरेच आलेत, दादा. तुम्ही म्हणालात तसे." तिनं भुवईजवळ बोट लावलं आणि बोटाकडे बघत बसली. बोटाला काळं लागलं होतं. रंग ओला होता.

हरेशनं तिला पुढं काही सांगितलं नाय. मला सांगितलं, गौरी-गणपती गेल्यावर. तुम्ही पण तिला सांगायचं नाय, कळलं? तिला बापाच्या हातचा गणपती मिळाला, तेवढं पुरं.

गाडी? सप्टेंबरमध्ये सर्व्हिस सेंटरला चौथ्यांदा नेली. मी सोबत होतो. या वेळी आमच्यासमोर गियरबॉक्स उघडायला लावला. सगळे दात जागच्या जागी, कोरे करकरीत. कागदावर लिहून दिलं, दोष आढळला नाही. या वेळी मी भांडलो नाय.

पण मला कागदापेक्षा दुसरंच बघायचं होतं. मी त्याला म्हटलं, हात दे. डाव्या अंगठ्याच्या नखावर एक काळी रेघ. केसाएवढी. रॉकेलनं जाईना, साबणानं जाईना. मी म्हटलं, घाबरू नकोस, नख वाढेल तसं पुढं सरकेल आणि कापलं की जाईल.

आता जुलै हाय. दहा महिने झाले. नख वाढतं, तो दर आठवड्याला कापतो. परवा इथंच या बाकावर बसून कापलं, मी जवळून बघितलं.

रेघ मुळापासून टोकापर्यंत हाय. तसूभर सरकलेली नाय.