त्यांचं नाव

लोणावळ्याच्या फलाटावर कस्तुरा उतरली तेव्हा भादव्याची बुरबुर चालू होती, आणि समोरच महिपती उभा. डोक्यावर पोत्याची खोळ, तोंडभर कोळसा, आणि त्या काळ्या तोंडात हसू.

"कुटं निघाली स्वारी?"

"दवाखान्यात. आजपास्नं नोकरी हाय मला. रोग्यांची नावं पुकारायची."

"तू... पुकारनार?" तो खो खो हसला. "शेळ्या वळताना तुजा आवाज निघत न्हाई. दुपारच्या गाडीनं माघारी जाशील बघ."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हा तिच्याच गावचा, परंदवडीचा, हितं इंजनाच्या शेडात कामाला. चैत्राच्या जत्रेत दोन्ही घरांत सोयरिकीचं बोलणं निघालं होतं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. पण त्या दिवसापासून कस्तुरानं त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. नवऱ्याचं नाव बाईमाणसानं घ्यायचं नसतं, आणि हिनं मनात ह्यालाच नवरा मानला होता. म्हणून कुणाशी बोलतानाही नुसतं 'ते'. आणि ह्या माणसाला त्याची काडीची किंमत नाही. ती तरातरा निघून गेली.

दवाखान्याच्या पायरीवर मात्र राग कुठल्या कुठे गेला आणि भीती वर आली. पडवी माणसांनी भरलेली, ओल्या घोंगड्यांचा वास, पोरांची रडारड. हातातल्या चिठ्ठ्या घामानं भिजल्या. तिनं अंबूबाईंचं नाव घेतलं, ते तिचं तिलाच ऐकू आलं. उर्से गावच्या अंबूबाई कानानं अधू. त्या बसूनच राहिल्या, त्यांच्या जागी दुसरंच कुणी आत घुसलं.

"मुकी पोर ठिवलीया व्हय हितं?" अंबूबाई भांडायलाच उठल्या.

डॉक्टरबाई दारात आल्या. "कस्तुरा, आवाज पोचत नसेल तर उद्यापासून मला दुसरं कुणी बघावं लागेल."

कशीबशी चारसहा नावं पुटपुटून तिनं पुढची चिठ्ठी उचलली... आणि पुन्हा एकदा वाचली. महिपती! वर बघते तर स्वारी बाकावर, हाताला तेलकट फडकं गुंडाळून. मजा बघायला आला मेला!

घ्यावं तर चैत्रापासून जपलेलं मोडतं, न घ्यावं तर नोकरी जाते. सोयरिकीची कुणकुण असलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. महिपती खाली मान घालून गालात हसत होता. ते हसू तिला मिरचीसारखं झोंबलं.

"परंदवडीचे महिपती भिमाजी!" ती कडाडली. "उठा लवकर! मागं मानसं खोळंबल्यात!"

अंबूबाईंनासुद्धा ऐकू गेलं. "आवाज आहे की तुला," म्हणत डॉक्टरबाई आत वळल्या. महिपतीचं हसू मात्र मावळलं. आत त्याचं फडकं सोडलं तेव्हा तळहातावर हा एवढा फोड होता. कस्तुरानं तो पाहिला, दात आवळले आणि बाहेर येऊन पुढचं नाव पुकारलं. मग दिवसभर तिचा आवाज कुठं अडला नाही.

संध्याकाळी तो दवाखान्यासमोरच्या जांभळीखाली उभा होता.

"नाव घेतलंस माजं. चारचौघांत." त्याचा आवाज खोल गेला होता. "म्हंजे आता... आपलं काय न्हाई?"

"हात कशानं भाजला?"

"इंजनाचा तापला दांडा धरला. ध्यान फलाटावरच ऱ्हायलं हुतं... लय वंगाळ बोललो तुला."

"व्हय, वंगाळच." तिचे डोळे भरून आले, पण राग उतरला नव्हता. "सकाळी माजं पाय कापत हुतं. धीराचा एक शब्द बोलला असता तर जीभ झडली असती तुमची?"

"चुकलो."

बुरबुर पुन्हा सुरू झाली. त्याचा बांधलेला हात भिजू नये म्हणून तिनं रागारागानंच त्यावर आपला पदर धरला. तो हळूच म्हणाला, "मग आता एकदा गोडीनं घे की नाव."

"दवाखान्यात घेईन. रोगी म्हनून आलात तर शंभरदा घेईन."

"आन हितं...?"

कस्तुरानं तोंड फिरवलं. पदर मात्र हलू दिला नाही.

"हितं न्हाई. जन्मात न्हाई घ्यायची."