बर्फाच्या खोलीतला कॅनडा

उमरग्यातल्या एप्रिलात माणसाची सावलीसुद्धा चप्पल मागते. अशाच एका भर दुपारी हायवेवरच्या बर्फाच्या कारखान्यासमोर एक पोरगी रिक्षातून उतरली. अंगात जाडजूड स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्यात माकडटोपी. जाता जाता एक ट्रकवाला थांबला, त्यानं डोळे चोळले आणि पुढच्या टपरीवर लिंबूपाणी मागितलं. ऊन आपल्यालाच लागलंय, अशी त्याची खात्री झाली.

दारात कारखाना चालवणारा तरुण रणधीर टोच्यानं बर्फाची लादी फोडत होता. त्याचा हात वरच राहिला.

"बरं न्हाय का?"

"मला काय झालंय?" शिवांजलीनं टोपीखालचा घाम पुसला. "कॅनडाला चाललोय आम्ही."

"मग रस्ता चुकला. ह्यो हैदराबादला जातो."

"बरोबर आलेय. तुमच्या बर्फाच्या खोलीत बसायचंय… आई, पप्पा आणि मी. रोज थोडं थोडं."

गोष्ट अशी होती. शिवांजलीचे वडील बलभीम सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवून केस पिकवलेले. त्यांना कॅनडात ट्रक चालवायचं काम मिळालं आणि घरच्यांना सोबत न्यायची परवानगीही. शिवांजलीला तर तिकडं शिकायचंच होतं. नकाशातल्या त्या गावावर बोट ठेवून ती झोपायची. अडलं होतं आईपाशी. सिताबाई म्हणजे पंखा दोनवर गेला की गोधडी शोधणारी बाई. तिनं सांगून टाकलं, "थंडी मला झेपली तर येते. न्हाय झेपली तर कुणीच जायचं न्हाय." बलभीमनं एकदा काश्मीरची सफरचंदं वाहून आणली होती, तेव्हापासून थंडीतलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज. त्यांनी सरावाचं फर्मान काढलं.

पहिल्या दिवशी सिताबाई आत गेल्या आणि दार लागायच्या आत बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी बसल्या, पण दात असे वाजायला लागले की बाहेरच्या गिऱ्हाइकानं विचारलं, मशीन बिघडलं का? शिवांजलीचा चेहरा उतरला… आणि तो रणधीरनं पाहिला. त्यानं गुमान एक कोरडं पोतं आणून सिताबाईंच्या पायाखाली घातलं.

"काकू, तुमाला जाऊबाई हैत का हो?"

दात थांबले. "हाय की. तुळजाबाई. का?"

"सहज. सोभाव कसा हाय त्यांचा?"

मग काय विचारता. "माझ्या लग्नातली परात नेली तिनं. मागायला गेले तर मलाच म्हणती, तुमच्याकडं कधी परात होती का जाऊबाई?" सिताबाईंचा पदर खांद्यावरून घसरला, कपाळावर घाम आला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी भिंतीकडच्या दोन लाद्यांचं पाणी झालं.

रोज रणधीर नवा प्रश्न काढायचा. सिताबाई बोलायच्या, बलभीम मान डोलवायचे, आणि कोपऱ्यात शिवांजलीच्या श्वासाचा ढग निघून रणधीरच्या ढगाला मधेच भेटायचा… ती पटकन दुसरीकडं बघायची. ढगांना कोण आवरणार?

"सगळ्यांनाच जावांचं विचारता काय?" एकदा ती हळूच म्हणाली.

"ज्यांची लेक टोपीत बरी दिसती, त्यांनाच."

"माकडटोपी आहे ती."

"टोपीचं कुठं बोललो मी?"

एप्रिल सरत आला, तसं शिवांजलीचं हसू कमी झालं. एका दुपारी ती एकटीच दारात आली.

"आईला किती शिकवताय… आम्ही लवकर जावं म्हणून?"

रणधीर लादीवर भुसा पसरत राहिला. "मग न्हाय शिकवत. उद्यापासून गारठा वाढवतो. काकू उठून जातील, तुमी इथंच ऱ्हाल. वाढवू?"

तिच्या ओठांवर 'हो' आलं होतं… तिथंच राहिलं.

"न्हाय ना?" तो म्हणाला. "मलाबी न्हाय जमणार. जन्मभर तुमच्या डोळ्यांत कॅनडा दिसंल, आन् त्याच्या मागं कुठंतरी मी."

सिताबाईंच्या थंडीच्या परीक्षेच्या दिवशी बलभीमनं नवीच अट घातली. "मी ढाब्यावर जेवून येईस्तोवर बसायचं. आन् आज जाऊबाई न्हाय. रणधीर, तू गप. तिकडं काय तू येणारैस का विचारायला?"

दार लागलं. सिताबाई ताठ बसल्या. बलभीम मोठे पट्टीचे जेवणारे. म्हणे त्या दिवशी ढाब्यावरचं पीठ संपलं. आत मात्र रणधीर शिवांजलीकडं न बघता उभा होता, आणि ती त्याच्याकडं न बघता रडत होती. गालावरचा थेंब ओघळता ओघळता मोत्यासारखा गोठला. सिताबाईंनी तो पाहिला, दोन ढगही पाहिले, आणि दात घट्ट आवळले.

दार उघडलं. "येते मी कॅनडाला," सिताबाई म्हणाल्या. "आता ह्या पोरांचं काय ते बघा."

"कसल्या पोरांचं?" बलभीम गोंधळले.

शिवांजली उठली. "पप्पा, तिकडं रणधीर नाही म्हणालात. आणि… आला तर?" मग थेट त्याच्याकडं वळली. "तिकडं गावाएवढी शीतगृहं आहेत. असली मशीनं चालवणारी माणसं त्यांना कमी पडतात, मी चौकशी केलीय. पण ते कामाचं झालं. मला… मला तू पाहिजेस."

रणधीर गप्पच.

"बोल ना," ती कासावीस झाली.

"काकांनी गप ऱ्हा म्हणलंय."

"आता बोल की लेका," बलभीम म्हणाले.

"येतो," रणधीर म्हणाला. "अर्ज टाकतो, कारखाना थोरला भाऊ सांभाळंल. उशीर लागला तरी येतो."

मे महिन्यात साखरपुडा झाला, तोही त्याच खोलीत. वाशीचे, भूमचे पाव्हणे स्वेटर घालून आत शिरले ते बाहेर यायलाच तयार होईनात. तुळजाबाई तर सिताबाईंच्याच शालीत शिरून बसल्या होत्या. आत मुंगीला जागा उरली नाही, तेव्हा नवरानवरी हळूच मागच्या दारानं निसटली आणि रणरणत्या उन्हात हातात हात घालून उभी राहिली. अख्ख्या उमरग्यात तेवढीच जागा मोकळी होती.

"चटका बसतोय?" त्यानं विचारलं.

"बसू दे…" ती त्याच्या खांद्याला टेकली. "पोटभर घेऊन जाते."